हे लिहू नका

हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चर काढणारा तो केरळचा माणूस मला पंधरा वर्षं ओळखत होता. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो मात्र सगळ्यांना 'सर' म्हणायचा, ट्रकच्या क्लीनरलासुद्धा.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. परक्या मुलखात धंदा कसा उभा राहतो ते बघायला मी मुलांना त्याच्याकडे न्यायचो. तो प्रत्येकाच्या हातात ट्यूब देऊन ती पाण्यात धरायला लावायचा. "भोक शोधायचा नाय, सर. गप बसायचा. बुडबुडा आपणच सांगतो." माझ्या तासाला मुलं एवढी गप्प कधी बसली नाहीत.

एकदा मुलांशी बोलता बोलता तो म्हणाला, जागेचा कागद नाही, म्हाताऱ्या मालकाचा नुसता शब्द आहे. मग घाईने, "हे लिहू नका हां, सर." मी मान डोलावली.

मुलांनी लिहिलेला अहवाल गावासमोर वाचायचा, असा आमचा नियम. जागेच्या कागदाचं ते वाक्य मुलांनी लिहिलं होतं, मी खोडलं नव्हतं. वाचणारी मुलगी तिथे थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारा नुकताच वारला होता. त्याचा मुंबईचा मुलगा पहिल्याच रांगेत बसलेला मला दिसत होता. पण अख्ख्या अहवालात तेवढंच वाक्य जिवंत होतं.

"वाच," मी म्हणालो.

शिमग्याच्या आत त्याला टपरी हलवायला लावली. मी गेलो तेव्हा तो पत्रे सोडवत होता. मला बघून उठला, माझ्या स्कूटरचं चाक नेहमीसारखं तळव्याने दाबून पाहिलं, हवा भरली.

"मुलांना मार्क चांगले पडले ना, सर?"

"पडले," मी म्हणालो.