चुलीशेजारचा तांब्या

"विष घेतलेल्या माणसाला मीठपाणी पाजू नका!!!" हे लाल अक्षरांत छापून घेऊन मी रोह्याहून निघाले आणि पेणजवळच्या मिठागरवाल्यांच्या गावात वाटायला गेले. मिठागरवाल्यांच्या! पत्रकं काढायची सवय लागली की डोकं कमी चालतं.

समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. पुढे बसलेल्या काकीने पत्रक हातभर लांब धरून वाचलं.

"काय गो, आमच्या मिठात किडे परले काय?"

"मीठ चांगलंच आहे, काकी. उलटी काढण्यात धोका आहे. ती श्वासनळीत जाते, माणूस गुदमरतो."

"माझा दीर जिता हाय तो याच मिठानं!"

दीर तिथेच खिडकीपाशी बसला होता, रातपाळी करून आलेला. गेल्या साली त्याने भातावर फवारायचं औषध घेतलं होतं. काकीने आधी तांब्याभर मीठपाणी पाजलं, मग रिक्षा आली, मग हॉस्पिटल. डॉक्टर-नर्स आठ दिवस झटले, तो वाचला, आणि श्रेय गेलं तांब्याला. तेव्हापासून तिच्या चुलीशेजारी मीठपाण्याचा तांब्या भरलेला असतो. रोज ताजा.

"आणि औषधाची बाटली?"

"ती काय, पडवीत. फळीवर."

मी भडकलेच. उताऱ्याला पहारा आणि विष मोकळं! पेटी हवी, कुलूप हवं, चावी दुसऱ्याच्या घरी हवी, असं मी बराच वेळ ओरडले. बायका जांभया द्यायला लागल्या. मग म्हटलं, चला, करूनच बघू. मी पेशंट. मला कुशीवर वळवा, गाडी बोलवा, बाटली सोबत घ्या, तोंडात काहीही घालू नका. एवढंच.

मी सतरंजीवर डोळे मिटून पडले.

"गो बाय, मेली काय?"

"कुशीवर! कुशीवर घ्या तिला!"

तिघींनी मला वळवलं ते सतरंजीसकट. गाडीला फोन लावणारीने आईला फोन लावला आणि कोलंबीचा भाव विचारत बसली. बाटली आणायला गेलेली माझीच पाण्याची बाटली घेऊन आली, अर्धी पिऊन. आणि काकी? ती कधीच घरी पळाली होती. परत आली ती तांब्या घेऊन. "काकी, नको..." म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ते भरलं.

मी धडपडत बाहेरच्या ओट्यावर गेले आणि खाली ओकले.

"बघा, इख उतरलं!" काकीने जाहीर केलं.

खिडकीपाशी दीर पोट धरून हसत होता. डोळे पुसून म्हणाला, "वयनी, तिनं काय घेतलंच नव्हतं."

बायकाही हसल्या. मग तो जरा हळू म्हणाला, "मी हास्पिटलातच वाचलो. मीठपान्यात वेळ गेला, डॉक्टर तेव्हाच बोलला होता."

"मग वरीसभर मला बोलला नायस?"

"तू एवढ्या हौसेनं भरतेस."

"हौस कसली रं? भ्या वाटतं. तुला इचारायचं धाडस होत नाय, म्हनून तांब्या भरते."

यावर माझ्या पत्रकात ओळ नव्हती. मी उरलेल्या अर्ध्या बाटलीने चूळ भरली. तोंड अजून खारटच होतं.

"परत तसलं मनात आलं तर सांगशील?" काकीने विचारलं. सगळ्यांसमोर, सरळ.

"सांगीन. आधी तुलाच. पन तो तांब्या हलव."

दुपारी बाटली लोखंडी पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं, चावी शेजारणीच्या कंबरेला. उरलेलं मीठपाणी ओतून टाकायचं मात्र काकीच्या जिवावर आलं. ते कोलंबीच्या कालवणात गेलं.

"वयनी, आता खरीच ओकारी व्हईल," दीर म्हणाला, आणि ताट पुढे करून आणखी भात मागितला.