शेडमधला भक्त

अलाबामातल्या डेल्मर टकरचा कॉलेजच्या फुटबॉल टीमवर भारी जीव. घराचं छप्परसुद्धा टीमच्या नारिंगी रंगाचं. एकदा टीम हरायला आली, तेव्हा तो टीव्हीसमोरून वैतागून उठला आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसला. इकडे टीम जिंकली! झालं, तेव्हापासून सामना अटीतटीचा झाला, की बायको व्हर्लीन खेकसते, "बसलायस काय ठोंब्यासारखा? नीघ शेडमध्ये!" आणि हा बिचारा मुकाट्याने निघतो.

परवा नव्या जावयाने कौतुकाने विचारलं, "चाळीस वर्षांत टीमला अटीतटीचा सामना किती वेळा जिंकताना पाहिलंत?"

"एकदाही नाही," डेल्मर छाती फुगवून म्हणाला. "मी पाहत बसलो असतो, तर जिंकली असती का?"