साडूभाऊंची जीभ आणि पिराची भिंत

मातीची पारख जिभेनं करणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमचा थोरला साडू निघावा, याला काय म्हणावं! नांदूरघाटात त्यांचं किराणा दुकान. पण जीव सगळा गावाबाहेरच्या पिराच्या दर्ग्यात. निजामाच्याही आधीचा तो कच्च्या विटांचा घुमट. दर उन्हाळ्यात त्याला नवा गिलावा लागतो: पांढरी माती, शेण, गव्हाचं भुसकट, सगळं आठ दिवस पायानं तुडवलेलं. दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरचाचांनी तुडवायचं आणि साडूभाऊंनी चिमूट तोंडात टाकून निकाल द्यायचा. चिखल मुरला की गोडसर लागतो म्हणे! माझ्या पुतणीची सोयरीक बघायला शिरूर कासारला गेलो होतो, तर यांनी पोहे बाजूला सारून यजमानांच्या भिंतीची खपली चाखली. "माणसं चांगली हायत," म्हणाले, "पण भिंत लई घाईत लिंपली." तरी सोयरीक जमली, हे आमचं नशीब.

मग एका पुढाऱ्याला दर्ग्याचा कळवळा आला. निवडणूक जवळ आली की आमच्याकडं जुन्या वास्तूंची तब्येत अचानक बिघडते. सिमेंटच्या गोण्या आल्या, न्हाणीघराच्या फरशा आल्या, घुमटापेक्षा मोठा फलक आला. त्यावर घुमट सोडून सगळ्यांचे फोटो. "सिमेंटनं ओल आत कोंडंल, भिंत आतून कुजंल," साडूभाऊ घसा फोडून सांगत होते. पुढारी हसले. "आप्पा, हे एकदा लावलं की शंभर वर्षं बघायला नको."

"असं? चाखून बघू," म्हणत या गृहस्थानं चिमूटभर सिमेंट जिभेवर ठेवलं की हो! क्षणात तोंड पोळलं, ओठ सुजले. मुजावरचाचा पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि पुढाऱ्यावर कडाडले, "एका चिमटीत माणसाची ही गत, मंग आमच्या पिराच्या भिंतीचं काय हुईल?" सगळा गाव चाचांच्या बाजूनं झाला. गोण्या परत गेल्या आणि पुढाऱ्याच्याच शेताच्या कंपाउंडला लागल्या. भिंत वाचली. साडूभाऊंची चव मात्र गेली ती गेलीच. हल्ली वरणात मीठ नसलं तरी मुकाट जेवतात.

यंदाही आठ दिवस चिखल तुडवून झाला. साडूभाऊंनी सवयीनं चिमूट उचलली, तोंडापर्यंत नेली आणि माझ्यापुढं धरली. "तुमी चाखा." जन्मभर मी या माणसाची टिंगल केली, पण त्या हाताला नाही म्हणवेना. चाखली. मला काय कळतंय, कप्पाळ! "बरी हाय," म्हणालो.

"बरी म्हणतेत," ते चाचांना म्हणाले, "म्हंजी आणखी दोन दिस तुडवा."

दोन दिवसांनी पुन्हा चिमूट. जिभेवर ठेवली आणि, शपथ सांगतो, खरंच गोडसर लागली. साडूभाऊ माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"मुरली," ते म्हणाले, आणि बाह्या वर सारून भिंतीकडं गेले.