कालवणाचा वास

तालुक्याच्या दवाखान्यातून तुकाबाई घरी आली तेव्हा तिला गाडीतून उतरवून घ्यायला तिचा मुलगा धनाजी एकटाच पुढं झाला. बाकीची वस्ती आपापल्या दारात, तोंडाला पदर नाहीतर टॉवेल लावून उभी होती. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा होता तो. मुळशी धरणाच्या कडेच्या त्या धनगरवस्तीत पहिली लागण तुकाबाईला झाली, निदान सगळे तसंच धरून चालले होते. आधी तिला शाळेच्या वर्गात ठेवलं. धाप लागली तशी दवाखान्यात हलवलं, नाकाला नळी लावली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळे "बरी हाय, बरी हाय" म्हणत राहिले आणि एका सकाळी खाट रिकामी झाली. तेव्हापासून कुणी बरं बोललं की तुकाबाईला आधी भीती वाटे.

तशी ती संशयी बाई नव्हती. नवरा येसाजी ऐन उमेदीत गेला, तरी शेळ्यांच्या जिवावर तिनं धनाजीला वाढवलं. अलीकडं शनिवार-रविवारी ती जवळच्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला आणि मटणाला फोडणी द्यायला जायची. सूनही तिथंच खोल्या झाडायला. लॉकडाऊन लागला, रिसॉर्टच्या फाटकाला कुलूप पडलं आणि सगळं घर शेळ्यांमागं आलं.

घरी आल्यावर तिला गोठ्याला लागून असलेल्या खोलीत वेगळं ठेवलं. पल्लवी, म्हणजे सून, उंबऱ्यावर झाकलेलं ताट ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. पहिल्या दिवशी अंड्याचं कालवण होतं. दवाखान्यात तुकाबाईला कसलाच वास येत नव्हता. घरी आल्यावर नाक उघडलं म्हणून ती खूश होती. तिनं झाकण काढलं आणि तोंड फिरवलं. कुजलेल्या जनावराचा आणि जळक्या रबराचा एकत्र वास. तिनं नुसती भाकरी खाल्ली, कालवण कुत्र्यापुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी. तोच वास. पिठलं, तोच वास. मात्र कोरडी भाकरी चांगली लागायची. शेळीचं दूध धारोष्ण प्यायली तर चांगलं लागायचं. म्हणजे ज्यात पल्लवीला काही मिसळता येतं, तेवढंच बिघडतंय. हा विचार एकदा मनात शिरला आणि मग तिथंच त्यानं ठाण मांडलं.

तिनं पल्लवीवर नजर ठेवायला सुरुवात केली. पूर्वी पोरगी पळीतलं तळहातावर घेऊन चाखायची, आता चाखत नव्हती. मीठ घालताना चिमूट डोळ्यांसमोर धरून बघायची. सासू बघतेय असं दिसलं की पाठ वळवायची. दुपारी "पाला आणायला जाते" म्हणून जायची आणि येताना पाला थोडाच असायचा. खोलीची खिडकी स्वयंपाकघराच्या दारासमोरच होती, तिथून तुकाबाई सगळं टिपत होती. अंगात ताकद नव्हती, दाराशी जाऊन येताना दम लागायचा. अशा बाईच्या ताटात काही घालून तिला संपवायला किती वेळ लागतो, असं तिच्या मनात येई. आणि ते आल्याची लाजही वाटे.

वेगळं राहायची मुदत सरल्यावर तिनं अंगणात तीन दगड मांडले आणि स्वतः चूल पेटवली. कांदा-लसूण परतला. कढईतून तोच वास उसळला. ती सुन्न झाली. मग तिला वाटलं, तेल घरातलंच, चटणी पल्लवीनंच कुटलेली. संशय फिटला नाही, वाढला. कालवणाची वाटी घेऊन ती शेजारच्या रत्नाबाईकडं गेली. रत्नाबाईनं कुंपणापलीकडूनच हात केला.

"तितंच ठेव वाटी. मी घेते." तुकाबाई मागं सरल्यावर तिनं वाटी उचलली आणि बोट बुडवून चाटलं. "ब्येस झालंय की."

"वास न्हाई येत?"

"कसला वास? तुकाबाई, तुजी तब्येत अजून धड न्हाई. घरी जा, पड."

रत्नाबाई आणि पल्लवी हल्ली कुंपणाशी बोलत असतात, हे तुकाबाईला वाटेत आठवलं.

मग तिनं एक डाव मांडला. धरणावर जाळं टाकणाऱ्या नथूनं दिलेला एक मासा तिनं मुद्दाम बाजूला ठेवून नासवला आणि फडक्यात गुंडाळून घरातल्या चुलीमागच्या फटीत सारला. तिचा हिशेब सरळ होता. आपल्याला येतो तो वास पल्लवीलाही येत असणार, ती फक्त दाखवत नाही. आता खरोखरीच्या घाणीपुढं तिचा चेहरा बघायचा, तिथंही नाक मुरडलं नाही तर सोंग पकडलं.

पल्लवी आली, चुलीपुढं बसली, पीठ मळलं. घोंगावणाऱ्या माश्या हातानं हाकलल्या आणि भाकरी थापायला घेतली. कपाळावर आठी नाही. तुकाबाई भिंतीला टेकून बघत राहिली. एवढं पक्कं सोंग कुणाला जमतं?

तेवढ्यात धनाजी आत आला आणि जागीच थबकला. "काय मेलंय घरात? कसला वास हा?"

पल्लवीनं पटकन ओढणी नाकाला लावली. "व्हय की. उंदीर आसंल."

पण ती क्षणभर उशिरा बोलली होती, आणि बोलण्याआधी तिनं धनाजीच्या तोंडाकडं पाहिलं होतं. तुकाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धनाजीनं चुलीमागचा मासा शोधून काढला आणि तो फेकायला बाहेर गेला, तशी ती पुढं सरकली.

"तुला वास येत न्हाई."

पल्लवीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"पल्लवे, मी तुला इचारतीया."

"न्हाई येत, आत्या."

"कधीपास्नं?"

भाकरी करपायला लागली तरी दोघींपैकी कुणी हात लावला नाही.

"तुमी आजारी पडायच्या आदीपास्नं," पल्लवी म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रिसॉर्टचं पुढचं फाटक बंद होतं, पण मागच्या वाटेनं पुण्याची माणसं येऊन राहत होती. खोल्या झाडायला पल्लवीला बोलावलं होतं, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. पाल्याला म्हणून ती तिकडं जायची. एका खोलीतला माणूस सारखा खोकत होता. पुढं तिला कणकण आली, ती अंगावरच काढली. वास गेला. त्याच आठवड्यात तुकाबाई तापानं फणफणली.

"बोलली का न्हाईस?"

"तुमाला नेत व्हते तवा समदी वस्ती दारात हुबी व्हती. मला भ्या वाटलं. ही घिऊन आली म्हनले आस्ते. तुमी बी म्हनला आस्ता."

"म्हनले आस्ते," तुकाबाई म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मंग सैपाक कसा करतीस?"

"तुमचा हात बघून ठिवला व्हता. तेवढं मीठ, तेवढी चटनी. वास कसा येतोय ते कळत न्हाई. तुमी ताट कुत्र्याला घालताय ते रोज बघायची. मला वाटायचं तुमाला समजलंय, आन् तुमी मला तसं दाखवताय."

म्हणजे या खिडकीतून एक बघत होती आणि त्या चुलीपुढून दुसरी. तुकाबाईला राग आला, तो पायापासून आला. आपण नळी लावून पडलो होतो तेव्हा हिला ठाऊक होतं. पण विष नव्हतं, एवढ्यानंही तिला सुटल्यासारखं झालं होतं. दोन्ही एकदम सोसेनात, म्हणून ती उठून शेळ्यांकडं गेली.

ताप तपासत वस्तीवर फिरणाऱ्या आशाताई पुढच्या फेरीला आल्या तेव्हा तुकाबाईनं विषय काढला. कुणाचा वास जातो, कुणाला तो परत येताना उलटासुलटा येतो, कांदा, लसूण, अंडं यांचा हमखास. वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. तुकाबाईनं मान हलवली. अर्धंच पटलं होतं.

धनाजीला तिनं काही सांगितलं नाही. त्यात मोठं मन वगैरे काही नव्हतं, बोलावं कसं तेच कळेना. पल्लवी मात्र दर वेळी धनाजी आणि आई एकत्र बसले की दारामागं थांबून ऐकायची. तो शेवटी रिसॉर्टच्या वॉचमनकडून ऐकून आला. चप्पलही न काढता पल्लवीला म्हणाला, "सामान भर. थोडं दिस म्हायेरी जा."

पल्लवी खरोखर पिशवी भरू लागली. तुकाबाई खाटेवरून म्हणाली, "मराया मी टेकले व्हते, धना. तू न्हाई. तिला काढायचं का ठिवायचं ते आदी मला इचार."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय. पिशवी ठिव गं खाली. आन् तुमी दोगं बी हात धुवा, जेवायचंय."

त्यानंतर धनाजी काही दिवस बायकोशी बोलला नाही, मग बोलायला लागला.

माफ केलं, असं तुकाबाई कधी म्हणाली नाही. पल्लवीनंही विचारलं नाही. पावसाळा सरता सरता, भातं निसवायच्या सुमारास पल्लवीचं नाक हळूहळू उघडलं. तुकाबाईला कांद्याचा वास मात्र आजही धड येत नाही. रिसॉर्ट चालू झालंय, दोघी बरोबरच कामाला जातात. घरी पल्लवी सासूपुरती भाजी बिनकांद्याची, वेगळ्या पातेल्यात करते. तुकाबाई ती खाते. वाढायच्या आधी झाकण काढून एकदा वाकून बघते, आणि पल्लवी तोवर दुसरीकडं बघत थांबते.