बिनगाठीचा दोरा

माझं अख्खं संशोधन हातावर उठणाऱ्या एका गाठीपासून सुरू झालं. क्षयाचे जंतू अंगात शिरले की शरीर त्यांना ओळखतं कसं आणि लढतं कसं, हा माझा विषय. पीएच.डी.च्या काळात त्याची पद्धत साधी होती. हाताच्या कातडीत ट्युबरक्युलिनचं औषध टोचायचं, भोवती बॉलपेननं गोल काढायचा आणि अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या आत तिथं आलेली गाठ मोजायची, म्हणजे 'वाचन' करायचं. त्यानंतर गाठ बसू लागते, मग मोजून उपयोग नाही.

मुकुंदवाडी स्टेशनजवळ नव्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची वस्ती होती. तिथं एका म्हातारीनं मला ओसरी दिली आणि बायका गोळा केल्या. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता मुलं पाळीवर जात. तिची धाकटी सून खोकत होती. हात वर केला की तिच्या बांगड्या थेट कोपराशी जाऊन थांबत. टोचल्यानं काय कळतं, असं तिनं विचारलं. रांगेत अजून खूप हात होते आणि मी घाईत होते. म्हणाले, "गाठ आली तर क्षयाचे जंतू आत शिरलेत. नाही आली तर काळजी नाही."

"नाय आली तर भावाकडं जाते, सिल्लोडला. निंदायला बलवलंय," ती म्हणाली.

तिची थुंकी तपासायला हवी, हे मला दिसत होतं. पण डब्या संपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी यायचंच आहे, तेव्हा घेऊ, असं मी ठरवलं. या ठरवण्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आली आणि शहर पेटलं. संचारबंदी लागली. वसतिगृहाच्या फाटकाला कुलूप पडलं. रेक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तुझ्या आडनावाच्या मुलीनं खिडकीतही उभं राहू नये. बाई मायेनं बोलत होत्या, म्हणून भांडताही येईना. विद्यापीठाला ज्यांचं नाव द्यायचं नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, त्यांच्यामुळंच मी त्या विद्यापीठाची पायरी चढले होते, आणि आता तिथंच कोंडली गेले होते.

तिसरा दिवस मी खोलीत येरझारा घालत काढला. खरं सांगायचं तर आधी मला माझ्या प्रबंधाचं वाईट वाटलं. मग मेसमध्ये खिचडीचा घास हातात असताना त्या बांगड्या आठवल्या आणि घास तसाच राहिला. आजार फार बळावला की शरीर लढून थकतं, आणि मग टोचलेल्या जागी काहीच उठत नाही. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या पोरीला मात्र उलटंच सांगून आले होते.

रेक्टरबाईंकडून मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नकोस, सगळ्यांना पुन्हा टोचता येईल. मी सुनेबद्दल सांगितलं, तेव्हा म्हणाले, आत्ता कोण जाणार तिथं? फाटकाशी जाऊन मी दोनदा कुलूप ओढून पाहिलं.

पाचव्या दिवशी दोन तासांची सूट मिळाली. मी सायकल काढली. जळक्या टायरांचा वास घेत, कुठंही न थांबता वस्ती गाठली. म्हातारी ओसरीवरच होती. मला बघून आत गेली आणि दोऱ्यांची जुडी घेऊन आली. प्रत्येक दोऱ्याला दोन गाठी मारलेल्या, आणि ओळख म्हणून एकेका बाईच्या बांगडीचा तुकडा टोकाला बांधलेला.

"तिसऱ्या दिशी मोजायचं म्हनली व्हतीस. तुला येता आलं नाय, मंग म्याच मोजलं," ती म्हणाली.

मेंढराच्या अंगावरची गाठ चाचपावी तसं तिनं डोळे मिटून बोटानं कडा शोधल्या होत्या आणि तेवढ्याच अंतरावर दोऱ्याला गाठी मारल्या होत्या. आम्हाला हे शिकायला प्रयोगशाळेत महिना लागायचा. एका दोऱ्याला मात्र एकही गाठ नव्हती. तो तिनं हसून वेगळा काढला.

"हिला कायबी उठलं नाय. लई हरकली पोर. भाऊ टरकावर हाय, काल न्हेलं त्यानं."

मी तिला सांगितलं की काही उठलं नाही म्हणूनच सून फार आजारी असेल, तिला परत आणा, दवाखान्यात न्या. म्हातारीनं तो बिनगाठीचा दोरा माझ्यापुढं धरला.

"तूच तर म्हनलीस, काळजी नाय म्हनून."

मी माफी मागितली. ती काय करणार होती माझ्या माफीचं? मुलगा दुसऱ्याच दिवशी निघाला, पण तोवर रस्ते बंद झाले होते. पोचायला त्याला आठवडा लागला. पोळ्याच्या सुमारास सून गेली.

पुढं शरीर लढायचं का थांबतं, यावरच मी नोकरीची सारी वर्षं घालवली. हा विषय कसा निवडला, असं विद्यार्थी विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. दुसरा विषय घ्यायचा मी दोन वेळा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

त्या वर्षीची नोंदवही अजून माझ्याकडे आहे. सुनेच्या ओळीत, मी स्वतः मोजलं नव्हतं म्हणून, नियमाप्रमाणे 'वाचन झालं नाही' असं लिहिलं. वाचन झालं होतं, आणि म्हातारीनं ते बरोबर केलं होतं.