सगळं हिरवं उपटा

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात साहेबांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, म्हणून त्यांनी काळा भात लावला.

"अहो, तुम्हाला कुंडीतला गुलाब जगवता आला नाही," बायको म्हणाली.

"गुलाबावर पुस्तिका नव्हती."

भातावर होती. पान नऊवर छापलं होतं, की काळ्या भाताचं पान जांभळं असतं, त्यामुळे हिरवं तण चटकन ओळखू येतं. 'मात्र हे काहीच जातींत' हे पुढचं वाक्य पान दहावर होतं. तेवढ्यात चहा आला.

लावणीनंतर वीस दिवसांत तण माजलं. तणनाशकाला साहेबांची बंदी होती, म्हणून निंदणीला गावातल्या एक काकू आल्या. काकूंची निम्मी हयात चिखलात वाकण्यात गेली होती.

"बाई, हिरवं दिसेल ते उपटा. जांभळं ठेवा."

काकूंनी शेतावर नजर फिरवली. "साहेब, इथे सगळंच हिरवं आहे. या जातीचा दाणा तेवढा काळा."

"पुस्तिका तुम्ही लिहिलीत की तज्ज्ञांनी?"

"तज्ज्ञांनीच. मला लिहिता कुठे येतं?"

साहेब छत्री घेऊन बांधावर उभे राहिले. काकूंनी मुकाट्याने फाटकाजवळचा पट्टा साफ केला. भात गेला, तण गेलं. बुडाशी जांभळी झाक असलेली सात रोपं तेवढी उरली. साहेबांचं समाधान झालं. ऊन चटकायला लागल्यावर ते घरी जाऊन पडले.

मग काकूंनी उरलेलं शेत आपल्या पद्धतीने निंदलं. भाताचं पान जिथे दांड्याला चिकटतं, तिथे बारीक पांढरा पापुद्रा असतो; भातासारख्या दिसणाऱ्या त्या तणाला तो नसतो. काकूंचं बोट तिथे फिरायचं आणि तण मुळासकट हातात यायचं.

साहेबांनी मात्र त्या सात रोपांचे लेकरासारखे लाड केले. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तीच दाखवली. शेवटी शेतकी अधिकाऱ्यालाही बोलावलं.

अधिकारी खाली बसला, लोंबी चोळून पाहिली आणि अदबीने म्हणाला, "साहेब, इतकं जोमदार तण मी आजवर पाहिलं नाही."

बायको हसू दाबायला घरात पळाली. कापणी झाली, उरलेल्या शेतातला भात कांडला आणि काळाभोर तांदूळ निघाला, तेव्हा साहेबांनी मूठभर हातात घेतला आणि उरलेल्या शेतातलं तण कसं ओळखलं ते काकूंना विचारून घेतलं.

पुढच्या हंगामात निंदणीला ते छत्रीशिवाय आले. चपला बांधावर काढल्या, काकूंशेजारी चिखलात उतरले.

"काकू, तो पापुद्रा जरा दाखवा."

'बाई'ची 'काकू' झाली, हे काकूंच्या ध्यानात आलं. त्यांनी पान वाकवून दाखवलं. त्या सकाळी साहेबांनी घाम गाळून तण उपटलं, आणि त्यासोबत भाताची अकरा रोपंही. काकू त्यांच्या मागून सरकत होत्या आणि ती एकेक करून परत चिखलात खोचत होत्या.