शेवटच्या भोंग्याखालचा हात

आमच्या साउंडच्या पेटीत वायरी कितीही नीट गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी गुंता झालेलाच असतो. एक ओढावी तर तीन बाहेर येतात. किस्स्यांचंही तसंच आहे. परवा चहाच्या टपरीवर दादाचा एक किस्सा सांगायला गेलो, तर त्याच्यामागून सगळेच आले. आता आलेच आहेत तर सांगून टाकतो.

दादा म्हणजे संतोष, माझा मोठा भाऊ. कर्जतपासून खालापूरपर्यंत लग्न असो, ग्रामसभा असो, झेंडावंदन असो, भोंगे आमचे. दादा माइकवर, मी वायरीवर. दादा मे महिन्यात गेला. बाइकवर होता, जुना हायवे, कोरडा रस्ता. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

*

बाकीचे साउंडवाले माइक टेस्टिंगला "हॅलो चेक, वन टू थ्री" म्हणतात. दादा प्रतिज्ञा म्हणायचा. शाळेतलीच, "भारत माझा देश आहे" वाली. अख्खी!

लोकांना वाटायचं, काय देशभक्त माणूस आहे! दादा म्हणायचा, "वन टू थ्रीमधी काय हाय रं? ना भ, ना प. प्रतिज्ञेत बघ. 'भारत' म्हटला की खालचा आवाज कळतो. मग पालक, परंपरा, पाईक, पात्रता. प फुटला की समजायचं माइक गेला. आन सौजन्य, सौख्य, समृद्धी. स नं शिट्टी मारली की मशीनचा आवाज कमी करायचा. ज्यानं लिहिली ना, त्यो आपल्याच धंद्यातला असणार!"

मी सहावीत शाळा सोडली. शाळेत रांगेत नुसते ओठ हलवायचो. मला प्रतिज्ञा पाठ झाली ती दादाच्या टेस्टिंगमध्ये.

टेस्टिंगला माझी जागा ठरलेली. मैदानाच्या टोकाला, शेवटच्या भोंग्याखाली. तिथून हातानं खुणा करायच्या. उजवा हात सरळ पुढं धरला की आवाज पोचतोय. तळवा वर करून हलवला की वाढव. दोन्ही हात कानावर ठेवले की शिट्टी मारतोय, बंद कर. या खुणा आमच्या दोघांच्याच. तिसऱ्या कुणाला सांगायची कधी वेळच आली नाही.

आता गंमत बघा. वर दादा प्रतिज्ञा म्हणतोय आणि मागं मी हात पुढं धरून उभा. बघणाऱ्याला काय वाटणार?

*

कर्जतजवळच्या एका गावात हळद होती. दादानं टेस्टिंग सुरू केलं. मांडवात पाचपन्नास माणसं टेकलेली. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, तर मी हात पुढं धरून उभा. एक म्हातारा उठला. त्याचं बघून त्याची सून उठली. मग सगळा मांडव उभा, सगळ्यांचे हात पुढं! नवरदेव अंगभर पिवळा, पाटावरून उठला आणि त्यानंही हात धरला. कोपरावरनं हळद खाली गळतेय.

नवरदेवाचा मामा शेजारच्याला हळूच विचारतो, "ही नवीन पद्धत हाय का?"

"मुलीकडच्यांनी घातली असंल."

दादाला थांबता येईना. मधेच सोडली तर लोकांना काय वाटेल, म्हणून शेवटपर्यंत म्हटली. पुढच्या वर्षी त्याच गावातून फोन आला, "आमच्याकडं पण हळद हाय. तुमचं त्ये प्रतिज्ञेचं पॅकेज हाय ना?"

*

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. गावाचं नाव सांगत नाही, दोन्ही पार्ट्या अजून आमच्याच गिऱ्हाईक आहेत. पाण्याच्या टाकीवरून सुरू झालं आणि आईबापांपर्यंत गेलं. मग खुर्च्या उचलल्या. माझा एक स्टँड पडला, तसा मीपण बाह्या सरसावून निघालो. मला काय, कुणाच्याही बाजूनं मारामारी चालते!

दादानं माइक ओढला आणि शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखा ओरडला, "सावधान! प्रतिज्ञा!"

काय सांगू! सगळे जागच्या जागी. एकानं खुर्ची डोक्यावर उचललेली, ती डाव्या हातात तशीच आणि उजवा हात पुढं! पोट सुटलेले, केस पिकलेले बाप्ये, "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणतायत आणि एकमेकांकडं खाऊ का गिळू बघतायत.

प्रतिज्ञा संपली. आता पुन्हा शिव्या कुठून सुरू करायच्या, हे कुणाला सुचेना. खुर्चीवाल्याला समोरच्या पार्टीतला म्हातारा म्हणाला, "ठेव आता खाली. हात दुखंल."

टाकी पुढच्या उन्हाळ्यात झाली. गळते, पण झाली.

*

एका झेंडावंदनाला एक पाहुणे आले होते. देशप्रेमावर भाषण. स्वतः मंडपाच्या सावलीत आणि पोरं उन्हात. पाऊण तास झाला. "देशासाठी उन्हात उभं राहायला शिका!" असं ते म्हणाले, तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी धाडकन पडली. बाईंनी तिला उचलून नेलं, तरी भाषण चालूच.

माझं डोकं फिरलं. मी सरळ मेन वायर उपटली.

पाहुणे नुसते तोंड हलवतायत. दादानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हात जोडून त्यांच्यापुढं गेला. "साहेब, लाइट गेली. आमच्याकडं असंच हाय." साहेब उतरले. पोरं सावलीत गेली, पाणी प्याली.

टेंपोत बसल्यावर दादानं मला पाठीत एक घातली. "पुन्हा कार्यक्रमात वायर काढलीस तर याद राख!"

दादानं चौकात टेंपो वळवला. मग म्हणाला, "आन काढायचीच होती, तर दहा मिनटं आधी काढायची ना रं. पोरगी पडली नसती."

*

इब्राहिमचाचांचं कर्जतला कापडाचं दुकान आहे. त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाला साउंड आमचाच होता आणि टेस्टिंगला प्रतिज्ञाही झाली होती, सगळे हसले होते. दोन वर्षांनी मुलीचं लग्न निघालं. आम्ही भोंगे बांधत होतो, तेवढ्यात गेटवर दोघंतिघं मोबाईल काढून उभे राहिले. आमच्याच बाजूचे, तोंडओळखीचे. एक म्हणाला, "संत्या, घे तुजी प्रतिज्ञा. बघू कोन कोन उभं राहतंय."

दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माइक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "हॅलो, वन टू थ्री."

चाचा आतून तरातरा आले. "काय रं संतोष? पोराच्या टायमाला अख्खी म्हटलीस आन माज्या पोरीच्या लग्नाला वन टू थ्री?"

दादानं त्यांना बाजूला घेऊन गेटवरचं सांगितलं. चाचांनी गेटकडं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"त्यांना काय बघायचं ते बघू दे. तुजा स शिट्टी मारतोय का, तू त्ये बघ!"

मग दादानं पहिल्यापासून म्हटली. कोण उभं राहिलं, कोण बसलं, मला विचारू नका. मी शेवटच्या भोंग्याखाली होतो आणि माझं लक्ष दादाकडं होतं.

जेवायला गेटवरच्या तिघांनाही चाचांनीच ओढून नेलं.

*

डोंगरावरच्या एका वाडीत झेंडा लावायचा होता. तिथल्या शाळेच्या बाईंनी बोलावलेलं. टेंपो खालीच राहिला. दादानं भोंगा खांद्यावर घेतला, मी बॅटरी डोक्यावर, दीड तास चढलो. वर जाऊन पाहतो तर माणसं तीस!

मी खवळलो. "तीस माणसांना भोंगा कशाला? तोंडानं बोललं तरी ऐकू जाईल!"

"पलीकडं चार घरं हायत," दादा म्हणाला. "त्यांना जाईल?"

त्या चार घरांतून एक आजी काठी टेकत आली. भोंग्याकडं बघून म्हणाली, "ह्यो भोंगा हिकडं फकस्त मतं मागाया येतो. तू काय मागाया आलास?"

"काय नाय आजी. ऐकवायला आलो."

तिनं सगळी प्रतिज्ञा उभ्यानं ऐकली. मग विचारते, "देशबांधव म्हंजी कोन रं?"

"म्हंजे तुमी."

"आन तू?"

"मी पण."

"मंग जेवल्याबिगर कुटं चाललास?"

नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. भोंग्याचं ओझं उतरताना हलकं वाटत होतं, एवढं मला आठवतंय.

*

दादा गेल्यावर दहाव्या दिवशी गावानं मैदानात शोकसभा ठेवली. आमचे भोंगे घरात होते, मी त्यांना हात लावू दिला नाही. मग खोपोलीचा साउंडवाला आला. दादाचाच दोस्त. त्यानं माइकवर फुंकर मारली आणि म्हणाला, "हॅलो, चेक, वन टू थ्री."

मी उठून त्याची कॉलर धरली. "माज्या भावाच्या सभेला वन टू थ्री?"

चार जणांनी मला सोडवलं. तो बिचारा रडायला आलेला. "मला अख्खी येत नाय रं. तुला येते ना? मंग तू म्हण!"

माइक माझ्या हातात होता. सगळं गाव बघत होतं. मला पहिला शब्दसुद्धा फुटला नाही. माइक खाली ठेवला आणि घरी आलो.

त्याच तिरीमिरीत त्या खोपोलीवाल्याला फोन करून सांगून टाकलं, "मशीन, भोंगे, सगळं घेऊन जा. मी एमआयडीसीत कामाला लागतो." शाळेतून हेडबाईंचा फोन आला. पंधरा ऑगस्टची ऑर्डर दादानं मार्चमध्येच घेतलेली. "जमणार नाय," म्हणालो आणि फोन ठेवला.

वैशाली वहिनी चुलीपुढं बसली होती. लग्न झाल्यापासून एकाही कार्यक्रमाला आलेली नाही. दादा गेल्यापासून तर उंबऱ्याबाहेर नाही. ती म्हणाली, "भोंगं इकून टाकलं, तर मी काय खाऊ?"

"मी हाय ना वहिनी. मी कमावीन."

"कमव की. भोंग्यावर कमव."

"माइकवर कोण बोलणार? मला येत नाय."

"मंग शिक." तिनं माझ्याच मोबाईलवरून शाळेत फोन लावला. "बाई, दीर येतोय." झालं!

*

पंधरा ऑगस्टला मी एकट्यानं सगळं लावलं. सहा भोंगे, पावसासाठी मशीनवर प्लास्टिक. शेवटचा भोंगा नेहमीसारखा गेटजवळच्या खांबावर. त्याच्याखाली कुणी नव्हतं. मी माइकवर आणि मागंही मीच, असं कसं होणार?

माइक धरला.

"भारत माझा देश आहे."

आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पण पोरांनी ऐकला. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. सगळी शाळा उभी राहिली. पोरांमागं पालक, पालकांमागं सरपंच, ग्रामसेवक, कोपऱ्यात छत्री बगलेत धरून इब्राहिमचाचा. मैदानभर हात. सगळे सरळ, सगळे पुढं. मी वेड्यासारखा बघतोय, यात आवाज पोचल्याचा हात कुठला?

"सारे भारतीय माझे बांधव आहेत."

वाटलं, ठेवावा माइक आणि पळावं.

तेवढ्यात गेटजवळ मला एक हात दिसला. शेवटच्या भोंग्याखाली. तेवढाच एक हात सरळ नव्हता. तळवा वर होता आणि हलत होता. वर, वर, वर.

वहिनी होती. दादानं घरी तिला खुणा सांगितल्या असणार.

मशीनचं आवाजाचं बटण मी होतं तिथंच ठेवलं. छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणालो,

"माझ्या देशावर माझे प्रेम आहे!"

तिचा हात सरळ झाला.